ज्वारीच्या जोडीने ओट-मनुका बिस्किटे

ओट हे पीक अहिल्यानगर जिल्ह्याला परके नाही. ते इथे गोठ्याच्या वाटेने आले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘फुले हरिता’ हा ओटचा वाण दुभत्या जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी रब्बीत पेरतात. दुकानातल्या डब्यात मिळतात ते त्याच पिकाचे दाणे, सोलून, वाफवून आणि रुळांखाली चपटे केलेले. बिस्किटांसाठी हे जाड, साधे ओट घ्यावेत. मसाला किंवा साखर घातलेली झटपट पाकिटे इथे उपयोगाची नाहीत.

घरचे मैदा, रवा, साखर, तूप बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. त्या बिस्किटांत साखर आणि तुपाचे प्रमाण भरपूर असते. तुपाच्या जागी पुष्कळदा वनस्पती तूप येते. घरी केलेले ओट-मनुका बिस्किट त्याहून बरे ठरते, ते मुख्यतः मैदा, साखर आणि स्निग्ध पदार्थ यांना कात्री लागल्यामुळे.

ओटमध्ये ग्लुटेन नसते. नुसत्या ओटची बिस्किटे म्हणूनच ठिसूळ होतात आणि हातात घेताच भुगा होतो. एरवी बांधणीसाठी मैदा घालतात. जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पारनेर या ज्वारीच्या पट्ट्यात त्याची गरज नाही. ज्वारीतही ग्लुटेन नाही, पण तिचे बारीक दळलेले पीठ दुधात भिजले की ओटच्या पाकळ्यांना धरून ठेवते, आणि तिची सौम्य चव मनुकांवर कुरघोडी करत नाही. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातली नाचणीही चालते. शंभर ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिने बिस्किटांना गडद रंग मात्र येतो. बाजरी वापरायची तर पीठ ताजेच हवे. तिच्यातील तेलामुळे दळलेले पीठ काही दिवसांतच कडवट होते आणि तो कडूपणा गुळानेही झाकला जात नाही.

वीसेक बिस्किटांना 100 ग्रॅम ओट, 60 ग्रॅम ज्वारीचे पीठ, 60 ग्रॅम किसलेला गूळ, 50 ग्रॅम तूप, 50 ग्रॅम मनुका, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची किंवा दालचिनीची पूड आणि तीन-चार चमचे दूध पुरते.

प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि पुढे साखर हीच या जिल्ह्याची ओळख बनली. तरीही इथे गूळ सुचवण्याचे कारण पाककृतीचे आहे. गूळ किंचित आम्लधर्मी असल्याने सोड्याशी त्याची क्रिया होते आणि बिस्किट हलके होते. पांढऱ्या साखरेने ते होत नाही. मात्र उष्मांकात आणि रक्तातील साखर वाढवण्यात गूळ साखरेच्या जवळपासच आहे. मधुमेह असलेल्यांनी ‘गुळाचे आहे’ म्हणून मोकळा हात ठेवू नये. वनस्पती तूप टाळलेलेच बरे. तूप निम्मे करून उरलेल्या जागी पिकलेले केळे कुस्करून घालता येते, पण मग बिस्किट खुसखुशीत न राहता मऊ होते.

मनुका दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून निथळून, पुसून घ्याव्यात. कोरड्या मनुका पिठातला ओलावा ओढतात आणि वर आलेल्या करपून कडू होतात. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो, म्हणून मूठभर जास्त टाकण्याचा मोह आवरावा. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. तेवढ्यात ओट दूध पितात आणि बिस्किटे थापता येतात.

ओव्हन 170 अंश सेल्सिअसला तापवून 12 ते 15 मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि ताटली ठेवून, झाकण घालून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे लागतात. कडा तांबूस झाल्या आणि मधला भाग अजून मऊ असला की बाहेर काढावे. गार होताना ती कडक होतात. आतच कडक होऊ दिली तर दगड होतात.

असे एक बिस्किट सुमारे 70 ते 75 कॅलरींचे असते. ओटमधील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो, हे खरे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये तसा दावा मान्य करताना रोज 3 ग्रॅमचे प्रमाण सांगितले. तेवढ्यासाठी साधारण 75 ग्रॅम ओट लागतात, म्हणजे यातली पंधरा बिस्किटे. तो लाभ हवा असेल तर ओटची लापशी किंवा उपमा खावा. बिस्किट चहासोबत एक-दोन, एवढेच. पूर्ण गार करून घट्ट डब्यात ठेवलेली बिस्किटे चार-पाच दिवस चांगली राहतात. केळे घातलेली दोन दिवसांत संपवावीत.