पैठणी मागताय? आधी उलटी करून बघा!

ट्रॅडिशनल डेची तारीख ग्रुपवर पडली की पुढच्या दहा मिनिटांत घराघरांतून एकच हाक ऐकू येते, ‘आई, तुझी ती जांभळी पैठणी देशील?’ आईचा चेहरा आधी खुलतो आणि मग लगेच पडतो. ‘देईन गं, पण डाग पाडणार नाहीस ना?’ ज्यांच्या घरी हा संवाद होत नाही, त्यांच्यासाठी फोनवर जाहिरात तयार असतेच. ‘ओरिजिनल प्युअर सिल्क पैठणी, फक्त १,४९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी.’ पदरावर मोर असतो, काठ चकचकीत असतो, खाली हजारभर लाइक्स असतात. आपण ‘अ‍ॅड टू कार्ट’ करून मोकळे!

घरातली असो की कार्टमधली, अंगावर चढवण्याआधी पाच मिनिटं थांबा. पदर हातात घ्या आणि उलटा करून बघा. (मुलांनो, पान उलटू नका. तुमचा तो भाड्याचा शेला आणि बहिणीच्या लग्नातलं पैठणी जॅकेट याच हिशेबात येतं.)

खऱ्या हातमागाच्या पारंपरिक पैठणीच्या पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. मोर तोच, वेल तीच, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. हे कसं जमतं, यातच पैठणीचं सगळं गुपित आहे. विणकर मागावर बसतो तेव्हा त्याच्यासमोर जरीचा आडवा धागा असतो आणि नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी रेशमाची वेगळी छोटी कांडी. मोराच्या मानेशी हिरवा रंग संपला की तो धागा तिथेच शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवायचा आणि मागे फिरवायचा. पुढे लाल सुरू. एका ओळीत असे कितीतरी रंग, प्रत्येकाची स्वतंत्र कांडी, आणि सगळी बोटांची मोजणी. ताण्याचे किती धागे उचलायचे, किती सोडायचे, हे मोजत मोजत एक आडवी ओळ पूर्ण होते. मग दुसरी. साध्या पदराची साडी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. पदर भरगच्च असेल, त्यात बांगडी मोर असेल, अंगभर बुट्टे असतील, तर महिनोन्‌महिने जातात.

यंत्रमागावर किंवा जॅकार्डवर नक्षीचे धागे मागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तरंगत जातात. काही जण ते तसेच ठेवतात, काही जण कापतात. म्हणून मागची बाजू एक तर धाग्यांनी भरलेली दिसते किंवा कापलेल्या टोकांमुळे खरखरीत लागते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हातमागावरही जॅकार्ड लावून ‘ब्रोकेड’ पैठणी विणतात आणि तिच्याही मागे धागे दिसतात. त्यामुळे मागे धागे दिसले म्हणून लगेच दुकानदाराला चोर ठरवू नका. पण दुकानदार ‘पूर्ण हाताने विणलेला पदर’ म्हणून पैसे मागत असेल आणि मागे धाग्यांचं जंगल असेल, तर प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आता १,४९९चा हिशेब करू. रेशमाचा किडा तीन-साडेतीन आठवडे तुतीचा पाला खातो आणि मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणतो. चांगल्या कोषातून पाऊण ते एक किलोमीटर सलग धागा निघतो. एक किलो कच्च्या रेशमासाठी साधारण सात-आठ किलो कोष लागतात. साडीला अर्धा किलो रेशीम धरलं तरी दोन हजारांच्या आसपास कोष झाले. पतंग कोष फोडून बाहेर आला तर धागा तुटतो, म्हणून त्याआधीच कोषाला वाफ किंवा उष्णता देतात. किडा आत मरतो. हे वाचून कुणाला रेशीम नकोसं वाटलं तर त्यात चूक काही नाही. निदान माहीत असून ठरवा. रेशमाचा भाव किलोला काही हजार रुपये, वर जर, वर रंगाई आणि वर विणकराचे दिवस. १,४९९मध्ये यातलं नेमकं काय बसतं? उत्तर सोपं आहे. काहीच नाही. ती साडी पॉलिस्टरची आहे.

पॉलिस्टरची साडी नेसण्यात कमीपणा मुळीच नाही. गरब्याला, पावसात, लोकलच्या गर्दीत तीच बरी. माझा आक्षेप नावाला आहे. ‘पैठणी’ हा शब्द आता एका डिझाइनचं नाव होऊन बसलाय. मोर दिसला की पैठणी! त्या नावावर ज्यांचं पोट आहे, त्या विणकराची साडी मग ‘फार महाग’ वाटायला लागते. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं ते याचसाठी. नाव गावाचं आणि कारागिराचं आहे, ते कुणीही उचलून कुठल्याही कापडावर चिकटवू नये.

पैठणची, पेशव्यांची, येवल्याची

गाव म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं गोदाकाठचं पैठण. जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. ‘दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक सोन्याच्या भावात पैठणी नेत’ असं वाक्य तुम्ही एखाद्या रीलमध्ये ऐकलं असेल. ऐकायला झकास आहे. पण त्या काळच्या व्यापाराचं वर्णन करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोच बंदराकडे जाणारा माल म्हणून मौल्यवान खडे नोंदवलेत. कापडाचा उल्लेख आहे तो तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाच्या नावावर. पैठण मोठी पेठ होती यात शंकाच नाही. पण आज आपण नेसतो ती मोरांची पैठणी तेव्हा जशीच्या तशी होती, असं म्हणायला तेवढा आधार पुरत नाही.

अठराव्या शतकात मात्र चित्र स्पष्ट होतं. पेशव्यांना पैठणच्या कापडाचं वेड होतं. माधवराव पेशव्यांनी अमुक रंगाचे आसावली दुपट्टे पाठवा अशी मागणी केल्याचा पत्रव्यवहार आहे. आसावली म्हणजे फुलांची वेल, आजही पैठणीच्या काठावर दिसते ती. पुढे हैदराबादच्या निजामांचा आश्रय मिळाला. सातव्या निजामाची सून नीलोफर ही ऑटोमन घराण्यातली राजकन्या. काठ-पदरात नव्या नक्ष्या आणल्याचं श्रेय तिला दिलं जातं. म्हणजे आपण जिला अस्सल मराठमोळी म्हणतो, तिच्या पदरात पेशवाई आहे, हैदराबाद आहे, कुठेतरी इस्तंबूलही आहे. पदरावरचं कमळ अजिंठ्याच्या चित्रांशी नातं सांगतं. रेशीम बहुतेक कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. आता मराठवाड्यातही शेतकरी तुती लावतात आणि जालन्यात कोषांची बाजारपेठ उभी राहिली आहे.

पणजीची नऊवारी पैठणी हाताला आश्चर्यकारक हलकी लागली तर दचकू नका. जुन्या पैठण्यांचं अंग अनेकदा तलम सुती असायचं आणि काठ-पदर रेशीम-जरीचे. सबंध रेशमी साडी हा नंतरचा प्रकार. रंगांची नावं तर काय सुंदर होती! काळ्या अंगाला लाल काठ ती काळी चंद्रकला, पोपटी ती राघू, पांढरी ती शिरोदक. आणि ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की हलताना रंग बदलणारी धूपछाव.

आज सर्वांत जास्त माग चालतात ते नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात. शिर्डीची सहल निघालीच तर अर्धा दिवस येवल्यासाठी ठेवा. घरातच खड्डामाग असतात, विणकर पाय खड्ड्यात सोडून बसलेला असतो. विचारून आत गेलात तर बहुतेक जण कौतुकाने दाखवतात. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’मुळे २००४पासून पैठणी घराघरांत पोचली खरी, पण मागावरचा पदर एकदा पाहिलात की तिच्याकडे बघण्याची नजरच बदलते.

दुकानात गेल्यावर

पहिला सापळा शब्दांचा. ‘आर्ट सिल्क’मधल्या आर्टचा कलेशी काहीही संबंध नाही. ते ‘आर्टिफिशियल’चं लघुरूप आहे, म्हणजे कृत्रिम रेशीम, बहुधा व्हिस्कोस रेयॉन. ‘सेमी पैठणी’ म्हणजे अर्धी खरी असंही नाही. साडी अंगठीतून आरपार गेली म्हणजे रेशीम, ही परीक्षाही सोडून द्या. तलम पॉलिस्टरही ऐटीत आरपार जातं.

खात्रीची परीक्षा जाळून बघण्याची. ब्लाऊजपीसच्या कडेचे दोन धागे काढा, एक उभा, एक आडवा. दोन्ही वेगवेगळे जाळायचे, कारण ताणा रेशमाचा आणि बाणा दुसराच, ही जुनी युक्ती आहे. रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखं. जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझतं आणि उरलेला काळा गोळा बोटांत चुरतो. पॉलिस्टर वितळतं, प्लॅस्टिकचा वास येतो आणि कडक मणी उरतो. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं. हा प्रयोग चिमट्यात धरून बेसिनपाशी करायचा. होस्टेलच्या खोलीत पडद्याशेजारी नाही!

दुकानदार धागा काढू देणार नसेल तर ‘सिल्क मार्क’चं लेबल मागा. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४मध्ये सुरू केलेली ही योजना आहे. कापड शुद्ध रेशमाचं आहे एवढीच ती हमी देते. साडी हाताने विणली की यंत्रावर, हे ते लेबल सांगत नाही, त्यासाठी ‘हॅंडलूम मार्क’ वेगळा. जरीबद्दल तर स्वतंत्रच विचारायला हवं. खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी दिलेलं असतं. स्वस्त जरीत चांदीच्या जागी तांबं येतं आणि त्याहून स्वस्तात निव्वळ प्लॅस्टिकची चमक. पैठण्यांतही तिन्ही प्रकार मिळतात. बिलावर ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ आणि जरीचा प्रकार लिहून मागा. कटकट वाटते, पण लिहून द्यायची वेळ आली की किंमत कशी पटकन खाली येते ते बघाच.

आणि आता ती आईची जांभळी

विकत घेणं पुढे नोकरी लागल्यावर. आत्ताचा प्रश्न मागून आणलेल्या साडीचा आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकीने साडी नेसून झाल्यावर बाहेरूनच भसाभस डिओ मारला. संध्याकाळी काखेजवळ पांढरट चट्टा. तो कधीच गेला नाही. घाम आणि डिओतली रसायनं रेशमाचा रंग आणि धागा दोन्ही खराब करतात. अत्तर, स्प्रे, हेअरस्प्रे सगळं साडीच्या आधी, आणि पूर्ण वाळल्यावरच साडीला हात.

सेफ्टी पिन थेट रेशमाला लावू नका. खांद्यावर ओझं येतं आणि भोक रुंदावून चीर पडते. पिनेखाली कापडाचा लहान तुकडा घ्या. चहा सांडलाच तर घासू नका, टिपा. तेलकट डागावर टाल्कम पावडर घालून थोडा वेळ ठेवा आणि हलकेच झटका. पाणी लावून चोळलंत की एका डागाचे दोन होतात. घरी आल्यावर आईला कळायच्या आत धुऊन टाकू, हा विचार तर मनातही आणू नका. ब्लीचमध्ये रेशीम अक्षरशः विरघळतं. डाग घालवणाऱ्या अनेक पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. त्यांना डागातलं प्रथिन आणि साडीतलं प्रथिन यांतला फरक कळत नाही. डाग पडलाय हे सांगा आणि साडी ड्रायक्लीनला द्या. तिथे डाग कशाचा आहे तेही सांगा.

डाग नसेल तर रात्रभर घरातच, पंख्याखाली, सुती कापड टाकलेल्या दोरीवर साडी मोकळी ठेवा. उन्हात नको, उन्हाने रेशीम कमजोर होतं. मग घडी घालताना जुन्या घडीच्या रेषा सोडून नवीन ठिकाणी मोडा. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर मोडलेली साडी त्याच रेषेवर फाटते, आणि जरीचा भाग सगळ्यांत आधी जातो. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायला हवी. आईला वेळ नसेल तर हे काम तुम्ही घ्या, तासाभराचं आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका, हॅंगरवर लटकवू नका. कपाटाच्या कोपऱ्यात कडुनिंबाचा सुका पाला किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवा.

कापून त्याचा कुर्ता, जॅकेट, बो-टाय करायचा सध्या मोठा ट्रेंड आहे. अंग विरून गेलं असेल, पदर तेवढा शाबूत असेल, तर जरूर करा. निदान तो पदर लोकांना दिसेल. पण धडधाकट साडीला एका इव्हेंटसाठी कात्री लावू नका. त्याऐवजी जीआयवाल्या विणकराकडून पैठणीचा दुपट्टा किंवा स्टोल घ्या. साडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

साडी परत देताना आईला एवढं विचारून ठेवा, ती कुणी घेतली, कुठून आणि कितीला. चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी सुती कापडाच्या वरच्या घडीत सरकवा. जरीला लागू देऊ नका, शाई उतरते.