घरात मासे आणि रांगतं लेकरू

पोहरादेवीत आणि आजूबाजूच्या तांड्यांवर आम्ही डासांच्या अळ्या तपासायला घरोघर जातो. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी बायाबापड्या आम्हाला सिस्टरच म्हणतात. रांजण, ड्रम, टाकी पाहून झालं की एखादी हमखास विचारते, "सिस्टर, लेकरू मासे पाहिले की खूश होते. दोन-चार आणू काय घरी? पोरगं दीड वर्षाचं आहे."

खुशाल आणा, असंच आम्ही सांगतो. एवढासा मासा लेकराला इजा करत नाही. त्याला केस-पिसं नाहीत, म्हणून दम्याच्या लेकरालाही कुत्र्या-मांजरापेक्षा त्याचा त्रास कमी. काळजी घ्यायची ती मासा ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याची.

गप्पी मासा घरासाठी बरा

आरोग्य खात्याचा हिवताप विभाग गप्पी मासे वाढवतो आणि साठवलेल्या पाण्यात सोडतो, हे आपल्याला ठाऊक आहे. हा मासा डासांच्या अळ्या खातो. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही साधारण महिन्याला. म्हणून हौसेसाठी पाळायचे तर नुसते नर ठेवा. नर लहान आणि रंगीत शेपटीचा, मादी मोठी आणि फिकी.

पाच गप्प्यांना 20 लिटर पाणी पुरतं. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी ब्लीचिंगचं असतं, ते ताजं ओतलं तर मासे मरतात. उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, सगळं एकदम नको. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. लेकराच्या हाती डबी दिली तर ते सगळी ओतेल, उरलेलं सडेल आणि त्या पाण्यानेच मासे मरतील. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकी खिडकीच्या उन्हात किंवा पत्र्याच्या भिंतीला लागून ठेवू नका.

टाकी कुठे ठेवायची

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. 20 लिटरची टाकी काच धरून 20 किलोच्या वर जाते. नवं उभं राहायला शिकलेलं लेकरू हाताला येईल ते धरून उठतं. टाकी डगमगत्या स्टुलावर असेल, किंवा खालचं कापड लोंबत असेल, तर काच आणि पाणी दोन्ही त्याच्या अंगावर येतं. टाकी भिंतीतल्या पक्क्या ओट्यावर, लेकराच्या हाताच्या वर ठेवा. जवळ खुर्ची-पेटी ठेवू नका, वर घट्ट झाकण हवं. पंप लावलात तर वायर आधी खाली झोका घेऊन मग बटणाकडे जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद.

वीतभर पाणी पुरतं

आम्हाला सर्वांत जास्त भीती बादलीची वाटते. टाकीचं पाणी बदलायला आई बादली भरून ठेवते, दारात कोणी हाक मारतं, ती दोन मिनिटं बाहेर जाते. बादलीत मासे सोडलेले असतील तर लेकरू ते पाहायला वाकणारच. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. तोल गेला की डोकं खाली, आणि हातांत स्वतःला वर ओढण्याचं बळ नसतं. वीतभर पाण्यातही लेकरू बुडतं. ते ओरडत नाही, कारण तोंडात पाणी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली, त्यांतली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची लेकरं होती.

म्हणून पाणी बदलायचं ते लेकरू झोपल्यावर, किंवा दुसऱ्या मोठ्या माणसाच्या कडेवर असताना. काम झालं की बादली रिकामी करून पालथी घाला. हाच नियम ड्रमला आणि जमिनीतल्या टाक्यालाही लागू. रामनवमीच्या यात्रेत घरोघर पाहुणे असतात, जास्तीचं पाणी भरलेलं असतं आणि लेकरू कोणाकडे आहे हे प्रत्येकाला दुसऱ्याला माहीत आहे असं वाटतं. तेव्हा एकाचं नाव ठरवून द्या.

लेकरू पाण्यात सापडलंच तर त्याला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर सपाट जागेवर निजवा, तोंडाने पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध 30 वेळा दाबा, दोन श्वास द्या, आणि हे चालू ठेवा. दुसऱ्याला 108 लावायला सांगा. लेकरू शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच, फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढतो.

हात, जखमा आणि डास

माशाच्या पाण्यात जंतू असतात. पाच वर्षांखालच्या लेकराला त्याने जुलाब लागू शकतात. टाकीला हात लावला की साबणाने हात धुवा, लेकराचेही. टाकी स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा भांडी घासायच्या जागी धुऊ नका. बोटाला कापलेलं असताना पाण्यात हात घालू नका. हातावर गाठ किंवा फोड येऊन आठवडे बरा होत नसेल तर डॉक्टरांना मासे पाळल्याचं आवर्जून सांगा, म्हणजे उपचार नेमका होतो.

मासे जिवंत आहेत तोवर त्या टाकीत डास होत नाहीत. पण मासे मेले आणि पाणी तसंच राहिलं, तर आठ-दहा दिवसांत तिथूनच डेंग्यूचे डास उडतात. रिकामी टाकी पुसून कोरडी करून ठेवा. घरात गप्पी आहेत म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस चुकवू नका, कारण ड्रम आणि कूलरमध्ये ते मासे नाहीत.

मासे नकोसे झाले तर नदी-नाल्यात सोडू नका. परक्या पाण्यातला हा मासा तिथल्या मासोळ्यांचं खाणं बळकावतो. हिवताप विभागाच्या माणसाला विचारा, किंवा ज्यांना हवेत त्यांना द्या.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. गुडघ्यावर बसून लेकराच्या उंचीवरून घर पाहा. त्याच्या हाताला लागेल असं जे भरलेलं पाणी दिसेल, ते झाका किंवा ओतून द्या. मासे त्यानंतर आणा.