राजसन्मान, भाग 6 : अंधेरीचे ‘सर’ आणि मुलुंडचे शास्त्रीजी

मागच्या भागात आपण कैरोत होतो. 1952च्या क्रांतीनंतर काही दिवसांतच तिथल्या नव्या राजवटीने ‘पाशा’ आणि ‘बे’ हे किताब रद्द केले, पण ‘ऑर्डर ऑफ द नाइल’ हा सन्मान चालू राहिला. जून 2023मध्ये अध्यक्ष सिसी यांनी तो आपल्या पंतप्रधानांना दिला. किताब काढायचे आणि सन्मान ठेवायचे, हे आपणही केलं. ते समजून घ्यायला उपनगरांतले दोन रस्ते पुरेत.

पहिला अंधेरी-कुर्ला रोड. पाटीवरचं त्याचं नाव सर एम. व्ही. रोड, म्हणजे सर मथुरादास वसनजी मार्ग. हे ‘सर’ ब्रिटिश सरकारने दिलेलं. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, सर अशी ती चढण होती. किताब मिळाला की तो नावाचाच भाग व्हायचा. सरकारदरबारी कोणाचं किती वजन आहे, हे नाव घेताच कळायचं. स्वतंत्र भारताच्या संविधानाने हे थांबवलं. कलम 18 सांगतं की लष्करी आणि शैक्षणिक बहुमान सोडून कोणताही किताब राज्य देणार नाही. हे कलम समतेच्या हक्कात आहे, अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम 17च्या लगोलग. ही जागा मला फार महत्त्वाची वाटते.

दुसरा रस्ता घाटकोपर, भांडुप, मुलुंडमधून जाणारा, पूर्वीचा आग्रा रोड. 2 जानेवारी 1954ला भारतरत्न सुरू झालं तेव्हा ते मरणोत्तर देण्याची तरतूद नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. तिचा पहिला वापर 1966मध्ये, ताश्कंदला निधन पावलेल्या लाल बहादूर शास्त्रींसाठी झाला. रस्त्याचं नाव मात्र ‘लाल बहादूर शास्त्री मार्ग’ एवढंच आहे. संविधानाला अपेक्षित आहे ते असं नाव.

मग भारतरत्न हा किताबच नाही का? हा वाद जुना आहे. जनता सरकारने 1977मध्ये हे सन्मान बंद केले, 1980मध्ये इंदिरा गांधींनी ते पुन्हा सुरू केले. ज्यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात ते बंद झाले, त्या मोरारजी देसाईंनाही 1991मध्ये भारतरत्न मिळालं. अखेर 15 डिसेंबर 1995ला सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात निकाल दिला: भारतरत्न आणि पद्म सन्मान हे किताब नाहीत, म्हणून ते वैध, पण सन्मानित व्यक्तीने ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. लावले तर सन्मान काढून घेता येतो.

बाबासाहेबांच्या नावावर हा भेद सगळ्यात स्वच्छ दिसतो. ‘डॉ.’ त्यांनी कोलंबिया आणि लंडनमध्ये अभ्यास करून मिळवलं, आणि कलम 18 त्याला स्पष्ट मुभा देतं. भारतरत्न त्यांना 1990मध्ये मिळालं, निधनानंतर 34 वर्षांनी. लोक प्रेमाने ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ लिहितात, आणि न्यायालयाचा नियम सन्मानित व्यक्तीला बांधतो, लोकांच्या प्रेमाला नाही. तसंच ‘लोकमान्य’ आणि ‘महर्षी’. ही बिरुदं राज्याने दिलेली नाहीत, त्यामुळे कलम 18शी त्यांचा संबंध येत नाही. धोंडो केशव कर्वे यांना 1958मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं. जुहूला त्यांच्या विद्यापीठाचा परिसर आहे, आणि तिथे आजही ते महर्षीच आहेत.

अडचण होते ती हयात मंडळींची. नाट्यगृहातली निमंत्रणपत्रिका, गणेशोत्सवातला फलक, सोसायटीच्या दारावरची नावाची पाटी: सगळीकडे ‘पद्मश्री अमुकतमुक’. छापणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण त्यातून 1950 साली बंद झालेली रावबहादुरांची रीत परत येते, आणि सन्मानित व्यक्तीही विनाकारण अडचणीत सापडते. मंडळांना आणि सोसायट्यांना माझी मनापासून विनंती आहे: नाव साधं छापा आणि खाली परिचयात लिहा, ‘अमुक साली पद्मश्रीने सन्मानित’. त्याला कोणताही कायदा आड येत नाही.