ग्रंथालयाचा गल्ला

इंग्लंड-अमेरिकेत गावाच्या ग्रंथालयाला पैसे कमी पडले की त्याचे हितचिंतक कधी कधी व्हिस्की चाखण्याची संध्याकाळ ठेवतात. तिकीट चांगलंच महाग असतं. टेबलावर चार-पाच जातींच्या व्हिस्की, प्रत्येकीचा जेमतेम घोटभर वाटा. जाणकार सांगेल तसं आधी वास घ्यायचा, मग दोन थेंब पाणी टाकायचं, मग जिभेवर घोळवायचं. मधूनमधून एखादा लेखक स्वतःच्या पुस्तकातला उतारा वाचतो, सही केलेल्या प्रतींचा लिलाव होतो. खर्च वजा जाता उरलेली रक्कम नव्या पुस्तकांना किंवा गळक्या छपराला जाते.

असा बेत ठाण्यात किंवा डोंबिवलीत कोणी कार्यकारिणीपुढे मांडला, तर पहिली हरकत शिष्टाचाराची येईल आणि दुसरी कायद्याची. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. एका दिवसाच्या कार्यक्रमाला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा, आणि व्हिस्कीसाठी वयाची पंचविशी गाठलेली हवी. म्हणजे अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बरीचशी मुलं दारातूनच परत.

गंमत पुढेच आहे. उत्पादन शुल्कातून राज्याला अलीकडच्या वर्षांत वीस हजार कोटींहून जास्त महसूल मिळतो, आणि सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान त्याच तिजोरीतून येतं. व्हिस्कीला ग्रंथालयात मागच्या दाराने प्रवेश कधीच मिळालेला आहे. वाद काय तो पुढच्या दाराचा. पण त्या निमित्ताने एक गोष्ट विचारायला हवी. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या ग्रंथालयांचा गल्ला आजवर भरला तो कोणाच्या पैशाने?

इथलं ग्रंथालय आगगाडीहून जुनं आहे. बोरीबंदरहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यात आली. ठाण्याचं नगर वाचन मंदिर १८५० चं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय सदाशिव मोरेश्वर साठे यांनी १८६४ मध्ये सुरू केलं. त्या काळी गावोगाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघत होत्या. शिकलेले चार लोक, वकील, मामलेदार, शिक्षक वर्गणी काढायचे आणि वर्तमानपत्रं मागवायचे. कपाटांत भरणा मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचा असे.

ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भाव्यांना हेच खटकलं. तेव्हा ते विशीत होते, ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा त्यांचा वाङ्मयेतिहास लिहून व्हायचा होता. १ जून १८९३ ला विष्णु भास्कर पटवर्धन वगैरे मंडळींना बरोबर घेऊन त्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापलं. फक्त मराठी ग्रंथांसाठी काढलेली पहिली संस्था म्हणून ते ओळखलं जातं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघालं. ठाण्याच्या संस्थेचा हेतू साधा आणि अचाट होता: छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक इथे असावं.

हा हेतू पैशाच्या दृष्टीने किती अवघड आहे ते पाहा. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला नव्या पुस्तकाच्या प्रती फुकट पाठवाव्या लागतात, त्या कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह देशातल्या चार ग्रंथालयांना. त्यांतलं महाराष्ट्रात एकच, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. ठाण्याला प्रत हवी असेल तर ती विकत घ्यावी लागते किंवा कोणाकडून तरी मागून आणावी लागते. शिवाय आणलेलं पुस्तक टिकवायचं असतं. खाडीची दमट हवा, पावसाळ्यातली बुरशी, कसर आणि वाळवी यांच्याशी लढायचं तर झाडपूस, औषध, पुन्हा बांधणी हे सगळं दरवर्षी आलं.

आता सरकारी बाजू. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. काही राज्यांनी घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने तो बसवला नाही, अनुदान दिलं. ग्रंथालयांचे ‘अ’ ते ‘ड’ वर्ग ठरले. मान्य खर्चाच्या ९० टक्के, पण ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत शासन देतं आणि १० टक्के संस्थेने उभे करायचे असतात. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. त्या वाढीनंतर जिल्हा ‘अ’ वर्गाला वर्षाला ११ लाख ५२ हजार, तालुका ‘अ’ वर्गाला ६ लाख १४ हजार ४००, ‘इतर अ’ वर्गाला ४ लाख ६० हजार ८०० आणि तळाच्या ‘ड’ वर्गाला ४८ हजार रुपये असा आकडा झाला.

आकडा मोठा वाटतो तो महिन्यांनी भागेपर्यंत. अनुदानातला निम्मा भाग पगाराचा. ‘इतर अ’ वर्गात तो वर्षाला २ लाख ३० हजार ४००, म्हणजे महिन्याला १९ हजार २०० रुपये होतो. एवढ्यात ग्रंथपालापासून शिपायापर्यंत चार माणसं बसवायची. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाच्या वाट्याला याच हिशेबाने महिन्याला दोन हजार येतात. अनुदान हप्त्याने येतं, वीजबिल मात्र दर महिन्याला. ग्रंथालय चालतं ते वर उरलेल्या खर्चाची तोंडमिळवणी कोणीतरी करतं म्हणून.

ही तोंडमिळवणी करण्याच्या इथल्या रीती ठरलेल्या आहेत. सभासदाची मासिक वर्गणी आणि अनामत हा पाया. मग आजीव सभासद. सभागृह असेल तर त्याचं भाडं. वर्धापनदिनाची स्मरणिका, तिच्यात सराफ, बिल्डर, सहकारी बँक यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती. आणि मदतीचा नाट्यप्रयोग. नाटक कंपनीकडून ठरावीक रकमेला प्रयोग विकत घ्यायचा, नाट्यगृहाचं भाडं भरायचं, चढ्या दराच्या देणगी प्रवेशिका ओळखीपाळखीत खपवायच्या आणि मधला फरक संस्थेच्या निधीत जमा करायचा. ठाण्यात गडकरी रंगायतन १९७८ पासून आहे. कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. म्हणजे व्हिस्कीच्या संध्याकाळीचं गणित आपल्याला नवं नाही. तिथे घोटाबरोबर उतारा, इथे तिसऱ्या घंटेनंतर अध्यक्षांचं लांबलेलं मनोगत.

देणगीदाराचाही एक स्वभाव असतो. वडिलांच्या नावाचं कपाट द्यायला तो तयार असतो, घर रिकामं करताना दोन पोती पुस्तकंही पाठवतो. कपाटावर नाव लिहिता येतं, ग्रंथपालाच्या पगारावर लिहिता येत नाही. त्यामुळे इमारतीला पैसे मिळतात आणि ती उघडी ठेवणाऱ्याला मिळत नाहीत.

ही मेख स्कॉटलंडात जन्मलेल्या अँड्र्यू कार्नेगीला कळली होती. त्याच्या पैशातून जगभर अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयं उभी राहिली. पहिलं त्याच्या जन्मगावी, डनफर्मलिनला, १८८३ मध्ये. इमारतीचे पैसे तो द्यायचा. अट अशी की त्या रकमेच्या १० टक्के गावाने दरवर्षी ग्रंथालयावर खर्च केले पाहिजेत. याच कार्नेगीने १८९१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना स्कॉच व्हिस्कीचं पिंप भेट पाठवलं होतं. पिंपाला अट नव्हती, ग्रंथालयाला होती. आपल्याकडचे १० टक्के संस्थेकडून आणि त्याचे १० टक्के गावाकडून. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे. ज्या गावाचा स्वतःचा पैसा लागलेला नाही, ते गाव ग्रंथालय बंद पडताना नुसतं बघत राहतं.

ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाची ताकद इथेच होती. २०१० मध्ये ठाण्यात भरलेल्या ८४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद याच संस्थेने पेललं. असलं काम एखाद्या धनाढ्याच्या जोरावर होत नाही, त्याला सभासदांची फळी लागते. डोंबिवलीत पुंडलिक पै यांची १९८६ पासूनची फ्रेंड्स लायब्ररी तर खाजगी, अनुदान नाहीच. त्यांनी पुस्तक आदान-प्रदान प्रदर्शन सुरू केलं: वाचून झालेलं पुस्तक आणायचं, नाममात्र शुल्क भरायचं, दुसऱ्याने आणलेलं न्यायचं. यात मोठी रक्कम जमत नाही, पण वाचक जमतो.

म्हणून व्हिस्कीच्या संध्याकाळीला माझा विरोध दारूसाठी नाही. परवाना काढा, सभागृह वेगळं घ्या, हिशेब वार्षिक सभेत मांडा. घोडबंदरच्या टॉवरमधल्या पगारदारांच्या खिशापर्यंत देणगी प्रवेशिकेचं पुस्तक पोचत नसेल, तर चषक पोचवून पाहायला हरकत नाही. अडचण एवढीच की तिकीट घेणाऱ्याचा ग्रंथालयाशी संबंध त्याच रात्री संपतो. महिन्याची वर्गणी भरणारा मात्र वार्षिक सभेत उभा राहून विचारू शकतो, खरेदीची यादी कोणी केली, बांधणीवर एवढे पैसे कसे गेले. तो कार्यकारिणी निवडतो, पाडूही शकतो.

तेव्हा तिकिटातच वर्षभराचं सभासदत्व घालावं, अनामत आणि पहिल्या वर्षाची वर्गणी धरून. जमलेल्या पैशातून आधी पगाराची थकबाकी द्यावी, कपाटं नंतर. आणि आलेल्यांपैकी किती जण पुढच्या महिन्यात पुस्तक बदलायला आले ते मोजावं. दहा आले तरी संध्याकाळ वसूल झाली असं मानावं. एकही आला नाही, तर पुढल्या वर्षी निमूटपणे नाटक लावावं.