३० लाख तास लपून राहिलेली चूक

१४ ऑगस्ट २००३ च्या दुपारी अमेरिकेतील ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणाली ठप्प झाली. ती ठप्प झाल्याची सूचनाही कुणाला मिळाली नाही. तारा झाडांना टेकून वाहिन्या एकामागून एक बंद पडत होत्या; कक्षातील पडदे मात्र शांत होते. चारनंतर अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी नागरिकांची वीज गेली.

प्रणाली जनरल इलेक्ट्रिकची होती. दोन प्रक्रियांना एकाच माहितीसाठ्यात एकाच वेळी लिहिण्याची मुभा मिळाली, माहिती बिघडली आणि आज्ञावली न संपणाऱ्या फेऱ्यात अडकली. त्यापूर्वी ३० लाखांहून अधिक तासांच्या प्रत्यक्ष वापरात ही चूक एकदाही प्रकट झाली नव्हती.

असे का होते? खात्यात ५ हजार रुपये आहेत आणि दोन एटीएममधून एकाच क्षणी प्रत्येकी ३ हजार काढले जात आहेत, असे समजू. शिल्लक वाचणे, ती पुरेशी आहे का हे तपासणे, नवी शिल्लक लिहिणे अशा तीन पायऱ्या. दोन्ही व्यवहारांच्या पायऱ्या एकमेकींत २० प्रकारे मिसळू शकतात. त्यांपैकी केवळ दोन क्रम निर्धोक. उरलेल्या १८ क्रमांत ६ हजार बाहेर पडतात आणि खात्यात २ हजार शिल्लक दिसते! तरीही चाचणी बहुधा उत्तीर्ण होते, कारण पायऱ्या क्षणार्धात उरकतात आणि निर्धोक क्रमच पुन:पुन्हा घडतो. पायऱ्या दहा-दहा असतील तर क्रमांची संख्या १,८४,७५६ होते.

म्हणूनच तीच चाचणी हजार वेळा चालवण्यात फारसा अर्थ नाही. क्रम परीक्षकाच्या हाती हवा. पहिल्या थ्रेडला, म्हणजे समांतर चालणाऱ्या कार्यप्रवाहाला, शिल्लक वाचताच रोखावे, दुसऱ्याला पुढे जाऊ द्यावे, मग पहिल्याला सोडावे. ओहायोतील बिघाडही अभियंत्यांना प्रयोगशाळेत पुन्हा घडवता आला तो आज्ञावलीत मुद्दाम विलंब पेरल्यावरच.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेले 'चेस' हे साधन हेच काम पद्धतशीरपणे करी. थ्रेडची अदलाबदल मोजक्याच वेळा घडवून ते एकेक क्रम तपासत जाई. अनेक चुका उघड होण्यास दोनच अदलाबदली पुरतात, असा अनुभव होता. चूक सापडली की तो क्रम नोंदला जाई आणि दुरुस्तीनंतर तोच पुन्हा चालवून पाहता येई.