ढोलकीची थाप आणि किलोबिटचा हिशेब

पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावच्या जत्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात आणि पुढे चैत्र-वैशाखभर जुन्नर-आंबेगावच्या जत्रांमधून ढोलकी घुमते. याच जत्रांत आधी कॅसेटी आणि मग सीडी विकल्या गेल्या. त्या सीडी आजही पुष्कळ घरांत कपाटात पडून आहेत. वाजवायच्या कशावर, हा प्रश्न आहे. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो आणि टोमॅटो घेऊन मंचरकडे निघालेल्या पिकअपच्या टेपला फक्त पेनड्राइव्हची जागा असते. तेव्हा सीडी उतरवून घेणं आलं, आणि तिथे सॉफ्टवेअर विचारतं: फॉरमॅट कोणता, बिटरेट किती?

त्याला उत्तर देण्याआधी हातातली चकती कोणत्या जातीची आहे ते बघा. कव्हरवर विश्वास ठेवू नका; कॉम्प्युटरमध्ये घालून आतल्या फाइली पाहा. 'ट्रॅक 01' अशा नावाच्या, जेमतेम एक केबीच्या सीडीए फाइली दिसल्या तर ती खरी ऑडिओ सीडी. शंभर-दीडशे गाणी एकाच चकतीत असतील तर ती एमपी3 चकती. तिथे आवाज दाबून फाइल लहान करायचं काम आधीच झालेलं असतं, फाइली जशाच्या तशा कॉपी करायच्या आणि थांबायचं. 128 किलोबिटची फाइल 320 ची करून आकार वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही. उलट दुसऱ्यांदा दाबल्याने आणखी थोडा जातो. तिसरी जात व्हीसीडीची. वगनाट्यं बहुतेक याच रूपात मिळायची. तिच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमध्ये डॅट फाइल असते आणि त्यातला आवाज 224 किलोबिटच्या एमपी2 पद्धतीने आधीच दाबलेला असतो. एफएफएमपेगसारख्या साधनाने तो आवाज पुन्हा न दाबता तसाच वेगळा काढता येतो. तसाच काढावा.

आता खरी ऑडिओ सीडी. तिच्यात सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, प्रत्येक माप 16 बिटचं, डावं-उजवं मिळून दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला 14,11,200 बिट होतात, म्हणजे मिनिटाला साधारण 10 एमबी आणि तासाच्या सीडीला सुमारे 635 एमबी. दाबणं दोन तऱ्हेचं. फ्लॅकसारख्या लॉसलेस पद्धतीत एकही बिट हरवत नाही. पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधून फक्त अंदाज आणि खरं माप यांतला फरक लिहून ठेवतात. फाइल बहुधा पन्नास-साठ टक्क्यांवर येते. एमपी3मध्ये मात्र कानाला ऐकू येणार नाही असं जे वाटतं ते टाकून देतात. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला लागत नाही, या गोष्टीवर सगळा डाव.

फ्लॅकच्या 0 ते 8 या लेव्हल पाहून पुष्कळांचा गोंधळ होतो. लेव्हल वाढवली म्हणजे आवाज सुधारत नाही, कॉम्प्युटर फक्त जास्त वेळ घासाघीस करतो. 5 आणि 8 मध्ये आकाराचा फरक एखाद-दुसऱ्या टक्क्याचा. नेहमीची 5 ठेवा आणि तो विषय संपवा.

एमपी3चा बिटरेट मात्र विचार करून ठरवावा लागतो, आणि तमाशाच्या संगीतात तर जास्तच. एमपी3 आवाज 1,152 मापांच्या तुकड्यांत घेते. असा एक तुकडा सुमारे 26 मिलिसेकंदांचा. गवळण संपली, क्षणभर शांतता, आणि ढोलकीच्या चाटेवर कडक थाप पडली असं समजा. थाप तुकड्याच्या मध्यावर आहे, पण दाबताना झालेली बारीक चूक पूर्ण तुकड्यावर पसरते. म्हणून थाप पडण्याआधीच्या शांततेत एक हलकी फुसफुस उमटते आणि थापेची धार बोथट होते. सतारीच्या संथ आलापीत हे लपून जातं. हलगी-ढोलकीच्या जुगलबंदीत लपायला जागाच नसते. लेम हा एमपी3 बनवणारा चांगला एन्कोडर अशी थाप ओळखून तुकडे लहान करतो, पण लहान तुकड्यांना बिट जास्त लागतात. 128 ठरीव ठेवलं की नेमके तेव्हाच बिट कमी पडतात. झांजेचंही तेच होतं. 128 ला 16-17 हजार हर्ट्झच्या वरचा आवाज कापलाच जातो आणि उरलेली झांज पाण्याखाली वाजल्यासारखी येते.

म्हणून ठरीव बिटरेट न देता व्हेरिएबल द्यावा: गरज असेल तिथे जास्त बिट, नसेल तिथे कमी. लेमची व्ही2 सेटिंग सरासरी 190 किलोबिटच्या आसपास जाते, तासाला 85 एमबी. जुगलबंदीसाठी व्ही0 घ्या, सरासरी 245. ठरीव 320 ला तासाचे 144 एमबी होतात, आणि तेवढा फरक पिकअपच्या आवाजात कुणाला कळेल असं मला वाटत नाही. खात्री हवी असेल तर ढोलकीचे वीस सेकंद निवडून दोन्ही तऱ्हा करा आणि कोणती वाजते हे न सांगता दुसऱ्याला वाजवायला लावा. ओळखता आलं नाही तर लहान फाइल घ्यावी.

'जॉइंट स्टिरिओ'ला घाबरायचं कारण नाही. डावं-उजवं सारखं असेल तिथे तो सामाईक भाग एकदाच लिहितो. जुनी ध्वनिमुद्रणं बहुतेक मोनो असतात, तिथे तर हा फायदाच. एक मेख आहे. कॅसेटवरून बनवलेल्या सीडीत दोन्ही बाजूंची खरखर वेगवेगळी असते, आणि खरखरीचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. त्यामुळे मोनो गाणं असूनही फ्लॅक फाइल निम्मी होत नाही. जागा गाण्याबरोबर खरखरही खाते. ती काढायचा मोह मूळ प्रतीवर करू नये, तिच्याबरोबर झांजही जाते.

बतावणी आणि वग म्हणजे मुख्यतः बोलणं. फोनसाठी ते मोनो 64 किलोबिटला चालून जातं. दोन तासांचा वग 58 एमबीत बसतो.

आवाज दाबण्याआधी चकती नीट वाचली गेली पाहिजे. ओरखडे असतील तर मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नव्हे. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'च्या सुरक्षित मोडमध्ये प्रोग्राम तोच भाग पुन्हापुन्हा वाचून पडताळतो. नावाजलेल्या सीडींचं वाचन ॲक्युरेटरिपच्या जगभरच्या नोंदींशी जुळवून बघता येतं, जत्रेतल्या सीडीची नोंद तिथे सापडण्याची आशा धरू नका. 'टेस्ट अँड कॉपी' लावा: दोनदा वाचून दोन्ही वेळचा सीआरसी हा पडताळणीचा आकडा एकच आला की काम फत्ते.

गण, गवळण एकात एक मिसळून आलेली असतील तर एमपी3 फाइलींच्या सांध्यावर बारीक खंड पडू शकतो, कारण एमपी3 सुरुवातीला थोडी शांतता भरते. लेम तिची नोंद ठेवतो, पण स्वस्त टेप ती वाचत नाहीत. फ्लॅकला ही अडचण नाही.

तेव्हा माझा कौल असा: एकदाच, नीट, फ्लॅकमध्ये उतरवा; ऐकायच्या एमपी3 त्यातून हव्या तेव्हा काढा. नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाई 2002 साली गेल्या. त्या पिढीचा आवाज जेवढा मुद्रित झाला तेवढाच राहणार, आणि घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उन्हात विटतो. आज उतरवलेली फ्लॅक उद्या कोणत्याही नव्या फॉरमॅटमध्ये नेता येईल. एमपी3चं तसं नाही.

फाइलींना नावं देवनागरीत द्यायला हरकत नाही. जुन्या टेपवर चौकोन दिसतात म्हणून पिकअपच्या प्रतीला आकड्यांची नावं द्या. आतल्या कागदाचा मात्र फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. फडाचं नाव बाहेर ठळक असतं. ढोलकीवाल्याचं आणि सोंगाड्याचं नाव छापलं असेल तर बहुधा आतल्या घडीत, बारीक अक्षरात.