पंधरा फुटांवरचा चोक

किल्ली आत दाबली की मागून 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज लहानसाच, पण तळ्यावर सकाळी सहाच्या शांततेत तो स्पष्ट ऐकू येतो. तो आला नाही, तर सत्तरच्या दशकातली टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर गारठ्यात सुरू करणं फार जिकिरीचं होतं. इथे विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरात पाण्याबाहेर काढलेली बोट मे महिन्यात परत तळ्यात उतरते. या मे महिन्यात माझ्या ४० हॉर्सपॉवरच्या मोटरीकडून तो आवाज आलाच नाही. स्टार्टर जोरात फिरत होता, बॅटरी भरलेली होती, पण इंजिन पेट घेत नव्हतं.

मालवणला होडी चालवणाऱ्या आतेभावाला फोनवर हे सांगितलं. तो लगेच म्हणाला, "अरे, तुझो हात थंयसर पोचणा नाय काय?"

प्रश्न अगदी मर्माचा होता. तो आपल्या होडीत मोटरीला लागूनच बसतो. एक हात मोटरीच्या दांड्यावर आणि दुसऱ्या हाताशी चोकचं बटण. चोक ओढला, दोरीला हिसका दिला, काम झालं. माझ्या बोटीत चालवणारा पुढे स्टिअरिंगशी बसतो आणि मोटर मागच्या फळीवर टांगलेली असते. मधे पंधरा फूट. इलेक्ट्रिक चोक आला तो या अंतरापायी, आणि बिघडतो तोही बहुतेक वेळा या अंतरातच कुठेतरी.

चोक म्हणजे काय, हे ज्यांनी स्कूटर चालवली आहे त्यांना सांगायला नको. थंडीत चोक दिल्याशिवाय किक लागू पडायची नाही. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपातच भिंतींना चिकटून राहतं. पेटायला लागते ती वाफ. म्हणून पहिल्या काही क्षणांपुरतं पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. एरवी एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. चोकची चकती फिरून कार्बोरेटरचं तोंड झाकते, हवा अडते, आतली ओढ वाढते आणि त्या ओढीने जेटमधून जास्त पेट्रोल वर येतं. इंजिनाने एकदा धग धरली की चकती उघडायलाच हवी. नाहीतर प्लग भिजतात, मोटर ओव्हर होते आणि मग प्लग काढून पुसत बसावं लागतं.

हे यंत्र माझ्या घरापासून फार लांब जन्मलेलं नाही, याचं मला अप्रूप आहे. ओले इव्हिनरूड १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मले, लहानपणी आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनला आले. एका उन्हाळी सहलीत बेस केरी या मैत्रिणीसाठी ते तळ्यापलीकडून वल्ही मारत आइस्क्रीम आणायला गेले, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेलं आणि त्यातून मोटरीची कल्पना सुचली, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. पुढे बेस त्यांच्या पत्नी झाल्या. १९०९ मध्ये मिलवॉकीत त्यांची दीड हॉर्सपॉवरची मोटर विकायला आली. वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. मोटर बनवली ओलेंनी, पण ती घराघरांत पोचवली बेस यांनी. पत्रव्यवहार आणि हिशेब त्यांच्याकडे होता, वल्ही फेकून द्या असं लोकांना सांगणारी जाहिरातही त्यांचीच. पाण्यात सोडायची मोटर बनवणारे ओले पहिलेच नव्हते. कॅमेरॉन वॉटरमन यांची मोटर त्यांच्याआधी बाजारात होती. पण लोकांनी मनापासून स्वीकारली ती इव्हिनरूड.

त्या पहिल्या मोटरीचं चाक मुठीला धरून हाताने फिरवायचं. चालवणारा मोटरीच्या कुशीतच बसलेला असायचा, चोकसाठी वीज कोण कशाला वापरेल? पन्नासच्या दशकात मोटरी मोठ्या झाल्या, बोटींना पुढे सीट आणि स्टिअरिंग आलं, कुटुंबंच्या कुटुंबं सुट्टीत तळ्यावर येऊ लागली. मोटरगाडीसारखी किल्ली फिरवून बोट सुरू व्हावी, असं लोकांना वाटू लागलं. स्टार्टर विजेवर गेला. मग चोकसाठी उठून मागे जायचं तर किल्लीची सोय अर्धीच राहिली. म्हणून कार्बोरेटरशेजारी सोलेनॉइड बसवलं. तांब्याच्या तारेची गुंडाळी, आत सरकणारी लोखंडी दांडी, एक स्प्रिंग आणि चकतीला जोडलेली बारीक सळई, एवढाच संसार. गुंडाळीत वीज गेली की दांडी आत खेचली जाते आणि चकती बंद होते. 'टक्' होतं ते तेव्हा. इव्हिनरूड आणि जॉन्सनच्या बऱ्याच मोटरींवर हे किल्लीतच बसवलेलं असे. फिरवली की स्टार्टर, दाबली की चोक. मला ही रचना फार आवडते. थंड इंजिनाला किती चोक लागतो ते अंगठ्याला हळूहळू कळत जातं.

आता बिघाडाकडे. माझी पहिली सूचना अशी, की मल्टिमीटर आधी काढूच नये. मोटरीचं वरचं झाकण उघडून चकती बोटाने बंद करून पाहावी. ती मऊ सरकून स्प्रिंगने आपोआप परत उघडली पाहिजे. जुन्या पेट्रोलचा चिकटा सळईवर बसला असेल तर सोलेनॉइड कितीही निरोगी असो, त्याची ताकद अपुरी पडते. कार्बोरेटर क्लीनरने ती जागा धुवावी. दांडीला तेल मात्र लावू नये. तेल धूळ धरतं, घट्ट होतं, आणि पुढच्या हंगामात दांडी आतच अडकते. ती कोरडीच चांगली.

माझी चकती मऊ होती. मग दोन्ही टोकांना चिमटे आणि मधे दाबायचं बटण असलेली तार घेतली. बटणाचा उपयोग असा, की चिमटे आधी लावून होतात आणि ठिणगी पडलीच तर बटणात, पेट्रोलच्या वाफेपासून दूर पडते. टाकीची नळीही आधी काढून ठेवावी. बॅटरीच्या प्लसपासून थेट सोलेनॉइडला वीज दिली. इथे 'टक्' झालं असतं तर दोष पुढे, किल्लीत किंवा तारांच्या जोडात आहे हे ठरलं असतं. पण सगळं गप्प. गुंडाळी जळाली, असं म्हणून नवीन सोलेनॉइड मागवण्याचा मोह होतो तो नेमका याच ठिकाणी. गुंडाळी जळतेही. किल्ली बराच वेळ दाबून धरणाऱ्यांच्या हातून हमखास जळते, कारण ती क्षणभराच्या कामासाठीच बनवलेली असते. पण मीटर गुंडाळीचा रेझिस्टन्स व्यवस्थित दाखवत होता. तार तुटलेली नव्हती.

आता मीटरचं खरं काम. काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला आणि बटण दाबून धरत सोलेनॉइडच्या तारेला लाल टोक टेकवलं. १२ व्होल्ट. मग तेच टोक सोलेनॉइडच्या कवचाला लावलं. तिथे शून्य दिसायला हवं, कारण या सोलेनॉइडला परतीची वेगळी तार नाही. वीज कवचातून त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीत, पट्टीतून इंजिनात आणि तिथून बॅटरीकडे जाते. मीटरने ९ व्होल्ट दाखवले. वीज आत येत होती, तिला बाहेर जायला वाट नव्हती. बारापैकी तीनच व्होल्ट गुंडाळीच्या वाट्याला येत होते. तेवढ्यात दांडी जागची हलत नाही.

पट्टीचे दोन स्क्रू काढले. खाली अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी साठली होती, आणि तिच्याखाली निळ्या रंगाचा गुळगुळीत थर. पूर्वी कोणीतरी मोटर हौसेने रंगवली होती आणि अर्थिंगची जागाही रंगात गेली होती. स्क्रूच्या आट्यांतून इतकी वर्षं कशीबशी वीज जात राहिली, तेही गंजले तेव्हा वाट बंद झाली. ब्लेडने रंग खरवडला, पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रूही घासून घेतले. अर्धा तास लागला. पैसे शून्य.

पण पट्टी सैल केली की सोलेनॉइड जागेवरून सरकतं, आणि ते जसंच्या तसं परत घट्ट केलं तर काम अर्धवट राहतं. चकती बोटाने पूर्ण बंद करायची, दांडी तळाला टेकेपर्यंत आत ढकलायची, आणि दोन्ही तशाच धरून मग स्क्रू आवळायचे. दांडी आधी टेकली तर चकती थोडी उघडी राहते आणि गार सकाळी तेवढी फटही पुरेशी असते. चकती आधी बंद झाली तर दांडी तळ गाठत नाही, सळईवर ताण येतो. या कामाला तीन हात लागतात. मी मुलीला हाक मारली. तिने चकती धरली, मी दांडी.

ऐंशीच्या दशकात अशा बऱ्याच मोटरींवरून ही चकती गेली आणि थेट पेट्रोल आत सोडणारा प्रायमर आला. पुढे कॉम्प्युटरने चालणाऱ्या इंजेक्शनमुळे थंड इंजिनाची काळजी चालवणाऱ्याच्या अंगठ्यावरून उतरली. इव्हिनरूड-जॉन्सनची मूळ कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, नव्या मालकांनी २०२० मध्ये इव्हिनरूड मोटरी बनवणं थांबवलं. जुन्या मोटरी अजून तळ्यातळ्यांवर आहेत, त्या चालवणाऱ्यांनाच त्या दुरुस्त कराव्या लागतात.

रविवारी पहाटे धुकं होतं. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, पुढे येऊन बसलो, किल्ली आत दाबली. मुलगी मागे मोटरीपाशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, टक् झालं." मी किल्ली फिरवली. तिसऱ्या फेरीला इंजिन खोकलं, मी अंगठा सैल केला, आणि निळसर धूर पाण्यावर पसरला.